सहावा दिवस

टेलर मास्तरनं आधी मंगलचं माप घेतलं. खांदा साडेपंधरा, बाही दहा. खडेबाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात दोन मशिनी, एक उभा आरसा आणि त्यापुढं दोन बायका उभ्या राहतील एवढीच जागा होती, म्हणून मंगलचं होईपर्यंत सुविधा कापडाच्या गठ्ठ्याला टेकून अंग चोरून उभी होती. मग मास्तर तिच्याकडं वळला. टेप खांद्यावर टाकला, आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि काही चुकलं असावं तसा पुन्हा एकदा टाकला. "साडेबारा," असं म्हणत त्यानं वहीत लिहिलं आणि मान वर न करताच मंगलला विचारलं, "ही धाकटी काय, अक्का? कॉलेजला हाय?" मंगल हसली. तिचं हसणं दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जायचं. "आमी जुळ्या हाय मास्तर. उलट मीच धाकटी, अर्ध्या तासानं. आन कॉलेजला हाय ते खरं हाय, पर शिकवायला." आता मात्र मास्तरनं वर बघितलं. आधी एकीकडं, मग दुसरीकडं, मग आरशात दोघींकडं एकदम. आरशात मंगलचं डोकं वरच्या काठाला लागत होतं आणि सुविधाचं तिच्या खांद्यालाही पोचत नव्हतं. "असतंय, असतंय," मास्तर म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला.

यात नवीन काही नव्हतं. छत्तीस वर्षांत दोघी बहिणी जिथं जिथं एकत्र गेल्या तिथं तिथं हे झालं होतं, आणि सुविधा अशा वेळी चेहऱ्यावर आणायचं एक छोटंसं हसू बाळगून होती. त्यांच्या भावाचं, समाधानचं, लग्न ठरलं होतं. दोघींनी एकाच कापडाचे ब्लाऊज शिवायचे ही मंगलची हौस, आणि त्यासाठी ती बोरगावाहून बेळगावला आली होती. दुकानातून निघाल्यावर दोघी कोपऱ्यावर रस प्यायला थांबल्या. मंगलनं दुसरा ग्लास मागवला, आपल्या भरदार दंडावर चापट मारली आणि सहज बोलून गेली, "आजी सांगायची, मी झाले तवा दीड किलोची बी नव्हते म्हणं. कापसात गुंडाळून ठेवलती. आन आता बघ." पुढं ती नवऱ्याच्या बदलीबद्दल बोलली, हळदीच्या साडीबद्दल बोलली, आणि पाचची बस धरून गेली. सुविधा बसस्टँडच्या फलाटावर उभी राहिली. बस गेली, तिच्या जागी दुसरी लागली, तीही भरून गेली, तरी ती तिथंच होती. दीड किलो. हा आकडा तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता. आणि गेली तीन वर्षं आकडे लिहिण्यातच गेलेली असल्यामुळं एक आकडा दुसऱ्याशी जुळत नाही हे तिला आधी पोटात कळायचं, डोक्यात नंतर.

घरातली गोष्ट वेगळी होती. आई सोनुबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती, वडील यल्लाप्पा तिथंच पोती उचलायचे. जुळ्या मुली झाल्या. दोन तान्ह्या घेऊन कामावर जाता येईना, म्हणून एक आजोळी बोरगावला दिली आणि एक जवळ ठेवली. दिली ती मंगल, ठेवली ती सुविधा. का, तर सुवी नाजूक. तिला आईबिगर जमत न्हाय. सोनुबाई हे शेजारणींना सांगायची, शाळेतल्या बाईंना सांगायची, सरकारी दवाखान्यात प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायची. जल्मापास्नंच नाजूक. सुविधा या वाक्याच्या आधारानं वाढली. दम लागायचा, शिंका सुरू झाल्या की पंचवीस-तीस एका दमात यायच्या, अंगावर गांध्या उठायच्या, वर्गात ती कायम पहिल्या बाकावर आणि रांगेत कायम पहिली. पण या सगळ्याच्या खाली एक ऊबदार गोष्ट होती, की आईनं दोघींतून आपल्याला जवळ ठेवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंगल यायची, आईच्या कुशीत शिरायची आणि नाक मुरडून बाजूला व्हायची: कडू वास येतोय. सुविधाला तो वास म्हणजेच आई होती. एकदा, दहा-अकरा वर्षांच्या असताना, मंगल भांडणात ओरडली होती, तुला ठेवून घेतलं आन मला लावून दिलं. त्या दिवशी सुविधाला वाईट वाटलं होतं, आणि खोल कुठंतरी बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती बेळगावजवळच्या कंग्राळीत जयाबाईंच्या गोठ्यापाशी शिडीवर होती. जयाबाईंचं नवं घर स्लॅबचं, पण जुना गोठा तसाच होता, आणि त्याच्या पत्र्याखाली सुविधानं तीन वर्षांपूर्वी लावलेल्या लाकडी पेट्यांत चिमण्या नांदत होत्या. पेटी उघडायची, चार पिल्लं कापडी पिशवीत काढायची, एकेक तराजूवर ठेवायचं, पायाची नळी मोजायची, लिहायचं, परत ठेवायचं. नऊ मिनिटांच्या आत. पिल्लं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या नखांना रंग लावलेला असायचा, बाजारातलंच नेलपॉलिश: एकाला लाल, एकाला निळं, एकाला हिरवं, एकाला पांढरं. अंड्यातून निघाल्याच्या सहाव्या दिवशी त्यांतल्या दोघांना ती सुई द्यायची. सुईत रोग नसायचा. मेलेल्या जंतूंच्या कवचाचा अर्क असायचा, धोका शून्य. पण पिल्लाच्या अंगाला ते कळत नाही. त्याला वाटतं शत्रू आत आला. मग ते सगळं सोडून त्याच्या मागं लागतं. डोळे मिटतं, पिसं फुलवतं, अंग तापवतं. आई चोचीत अळी घेऊन येते तेव्हा बाकीची पिल्लं चोची उघडून मान ताणतात आणि हे तळाशी गप्प पडून राहतं, आणि चिमणी ज्याची चोच जास्त उघडी त्याला भरवून निघून जाते. दुसऱ्या दिवशी त्या पिल्लांचं वजन दोन-दोन ग्रॅमनं वाढलेलं असतं आणि याचं कालच्याइतकंच. लढाई संपते, पिल्लू जगतं, खायलाही लागतं. पण पंख उशिरा येतात, आणि गेलेला तो एक दिवस पुढं कधीच पूर्ण भरून निघत नाही. किती भरतो, किती राहतो, हाच तिचा पीएचडीचा विषय. बाकीच्या दोघांना ती नुसतं मिठाचं पाणी टोचायची. एका घरट्यातली, एका आईची, एकाच अन्नावरची चार पिल्लं. फरक फक्त सुईतला. तुलनेला याहून चांगलं काही नाही, असं तिनं स्वतःच आपल्या आराखड्यात लिहिलं होतं.

त्या सकाळी आठव्या दिवसाचं घरटं होतं. हिरवं, पांढरं, निळं ठीक होती. लाल तळाशी होतं आणि थंड होतं. तिनं ते तळहातावर घेतलं, नियमाप्रमाणं तराजूवर ठेवलं, आकडा लिहिला, पुढं खूण केली. मेलेल्या पिल्लाचंही वजन घ्यायचं असतं. खाली जयाबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं की सहाव्याच दिवशी सुई का, आणि सुविधानं वाढीचा वेग वगैरे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "आमच्यात सटवाई येती सव्या दिवशी. कपाळावर लिवून जाती. चिमण्यांच्यात तू येतीस म्हण की." त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या आणि सुविधाही हसली होती. आज थट्टा नव्हती. पिशवीकडं बघून एवढंच म्हणाल्या, "ह्यो पाचवा न्हवं?" पाचवाच होता. पंधरा घरटी, तीस पिल्लांना अर्क. त्यांतली पाच गेली होती. मिठाच्या पाण्यावरच्या तिसांतलं एक. यंदा उन्हाळा लवकर आला होता, शेतावर फवारणी जास्त झाली होती, किडे कमी होते. चांगल्या वर्षी या मात्रेनं एकही मेलं नसतं. ती शिडीवरून उतरली तेव्हा तिचा श्वास वाजत होता. पर्समधला पंप काढून तिनं दोनदा ओढला आणि कट्ट्यावर बसली. कधीतरी एका डॉक्टरनं सांगितलं होतं, तुमचं शरीर विनाकारण लढतंय, धुळीला शत्रू समजतंय, लहानपणी कुठं धुळीत होता का? ती म्हणाली होती, जन्मापासूनच नाजूक आहे मी. आईचं वाक्य, आईच्याच चालीत.

पण दीड किलोची मंगल होती. कट्ट्यावर बसल्या बसल्या ते वाक्य पुन्हा आलं. दोघी नाजूक असतील, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. जुळी मुलं लहानच असतात. मग तिला वखार आठवली, किंवा वखारीतला तो पिवळा उजेड आठवला. छपराच्या भोकांतून तिरपे उतरलेले उन्हाचे दांडे आणि त्यांत सतत हलणारा, कधी खाली न बसणारा तंबाखूचा धुरळा. नाकातोंडाला पदर बांधून ओळीनं बसलेल्या बायका, त्यांच्या चाळण्यांचा एकसारखा खसखस आवाज, आणि खांबाला बांधलेली झोळी. झोळी तिची स्वतःची नसणार, सुविधा चार-पाच वर्षांची असतानाची, दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाची असेल. ते बाळ शिंकत होतं. इतकं छोटं, आणि शिंकायचं तेव्हा सगळी झोळी हलायची. एक बाई म्हणाली होती, सवय हुईल त्याला. सुविधा खांबाला धरून उभी होती आणि तिला वाटलं होतं, मला तर नाही झाली.

त्याच दिवशी दुपारी ती पूर्णिमा मॅडमकडं गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या, हुशार, मायेनं बोलणाऱ्या, आणि वेळेच्या पक्क्या. सुविधानं पाचव्या पिल्लाचं सांगितलं आणि विचारलं की सोळावं घरटं गाळलं तर. मॅडमनी तिच्यासाठी चहा मागवला, आकडे नीट पाहिले आणि शांतपणे सगळं पुढ्यात मांडलं: परिणाम स्पष्ट दिसतोय, पण मान्य आराखडा सोळा घरट्यांचा आहे, पंधरावर थांबलं तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील, वनखात्याची परवानगी मेअखेर संपते, मुदतवाढ आधीच दोनदा घेतली आहे, आणि पीएचडी हातात नसेल तर जूनमध्ये कॉलेज गेस्ट लेक्चररची यादी नव्यानं करेल तेव्हा तिचं नाव त्यात असेलच असं नाही. एक घरटं, चार पिल्लं. "मला कळतं गं," मॅडम म्हणाल्या, "पण आता थांबलीस तर ती पाच उगीच गेली असं होईल." सुविधानं चहा संपवला. जिन्यावरून उतरताना तिला ते वाक्य पुन्हा आठवलं. यातून बाहेर पडायची कुठलीही वाट त्या पाच पिल्लांवरूनच जाते. सोळाव्या पेटीत अंडी फुटली होती. सहावा दिवस मंगळवारी येत होता.

रविवारी ती निपाणीला गेली. समाधान लग्नाच्या कामानं बाहेर होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो, दोन्हींना ताजे हार. सोनुबाई मागच्या दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. वखार सुटली तरी हात सुटले नव्हते; समाधान ओरडायचा, आई तू बस गप्प, तर ती म्हणायची बसून काय करू. सुविधा या घरात तासाभराच्या वर टिकायची नाही. आल्या आल्या खिडक्या उघडायची, मागच्या दाराकडं जायचीच नाही, पुढं पंख्याखाली बसायची आणि आई सूप ठेवून, हात धुऊन, तिच्यापाशी यायची. आज ती सरळ मागं गेली आणि आईसमोर पाट ओढून बसली. सोनुबाईनं सूप बाजूला सारायला हात घातला तर तिनं तो धरला, असू दे म्हणाली. थोडा वेळ लग्नाचं बोलणं झालं. जेवण किती पानांचं, बोरगावचे किती येणार. सोनुबाईचा अंगठा पानावर चिमूटभर तंबाखू पसरत होता, पान गुंडाळत होता, टोक आत दुमडत होता. डोळे लेकीकडं होते. मग सुविधानं विचारलं.

"आई, आमच्या दोघीत जल्मताना मोठी कोण हुती?"

"तूच की. अर्ध्या तासानं."

"तसं न्हवं. वजनानं."

सोनुबाईनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, तोडला. दुसरं पान उचललं नाही. "कोण म्हणलं तुला?" तिनं विचारलं. सुविधानं मंगलचं सांगितलं, कापसाचं सांगितलं. सोनुबाई बराच वेळ सुपातल्या विड्यांची टोकं एका रांगेत लावत राहिली. ती आता चौसष्ट वर्षांची होती आणि तिच्या बोटांच्या पेरांना कायमचा तपकिरी रंग होता. बोलली तेव्हा आवाजात काही चढउतार नव्हता, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशी बोलली.

"तू अडीच किलोच्या वर हुतीस. नर्सबाई म्हणली, जुळ्यात असलं लेकरू बघिटलं न्हाय. सगळ्या वार्डात दावत फिरली तुला. मंगल दोन तळहातात मावायची, तिला रडाय बी येत नव्हतं. सव्वा म्हयन्यानं कामावर बलीवलं. मुकादम एकीलाच आण म्हणला. मंगलला न्हेली असती तर आठ दिस निघालं नसतं तिचं, त्या धुरळ्यात. तू काढशील असं वाटलं." ती थांबली. "काढलंस की."

सुविधाला ऐकू येत होतं, सगळं नीट ऐकू येत होतं. बाहेर कुणीतरी हापशावर कळशी भरत होतं, तेही ऐकू येत होतं. आत काहीतरी फिरत होतं आणि नीट बसत नव्हतं, कुलपात चुकीची किल्ली घालावी तसं. म्हणजे ठेवून घेतलं ते धडधाकट म्हणून.

"मग मी नाजूक, मी नाजूक, असं का सांगत आलीस सगळ्यास्नी?"

"तिसऱ्या वर्सापतोर झालतीस की नाजूक," सोनुबाई म्हणाली. "मी खोटं न्हाय सांगिटलं. आदीचं सोडून अलीकडचं तेवढं सांगिटलं."

शिंका यायला लागल्या होत्या. एक, दोन, मग सलग. सोनुबाई म्हणाली म्होरं जाऊन बस, पंख्याखाली बस. सुविधा उठली नाही. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं आहे हे दोघींनाही ठरवायची गरज नव्हती. तिच्या मनात एक हिशेबी, थंड भाग अजूनही काम करत होता. तो म्हणत होता, वाढ खुंटलेली दिसते ती मूळची कमजोरी नव्हे, अंगानं केलेल्या लढाईची किंमत, हेच तर आपण तीन वर्षं सिद्ध करतोय. आणि त्याच्याखाली एक लहान मुलगी होती, जिला आईनं दोघींतून निवडलं होतं. ती मुलगी अजूनही निवडलेलीच होती, फक्त कशासाठी ते बदललं होतं. तिला आईचा राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत बसली. पण समोर ती तपकिरी बोटं होती, आणि अठ्ठावीस वर्षांची एक बाई दिसत होती, ओली बाळंतीण, दोन दुपट्यांपुढं बसलेली, उद्या सकाळी एक उचलायचं आहे म्हणून. तिनं कुठलं उचलायला हवं होतं? हा प्रश्न सुविधानं सगळीकडून फिरवून पाहिला. सुटका नव्हती त्यात. आपण तिच्या जागी असतो तरी हेच दुपटं उचललं असतं.

"मंगलला सांगू नगंस," सोनुबाई म्हणाली. "ती लई हसती. हसू दे तिला."

"न्हाय सांगत."

"तुजी ती पाखरं," आईनं विचारलं. लेकीच्या कामाबद्दल तिनं एवढं सरळ पहिल्यांदाच विचारलं असेल. "त्यात सुई कुणाला द्याची ते तू ठरवतीस?"

"न्हाय. चिठ्ठ्या टाकते. निघंल त्याला."

"बरं हाय," सोनुबाई म्हणाली आणि दुसरं पान उचललं. "चिठ्ठीला म्होरं कोण इचाराय येत न्हाय."

मंगळवारी सकाळी सोळाव्या पेटीतली चार पिल्लं पिशवीत होती. पिसांच्या कोंबांनी काळपट झालेली, पोटं गरम, माना अजून धड न सावरणारी. तिनं आधी वजनं घेतली. पांढऱ्या नखांचं सगळ्यांत जड निघालं, पंधरा ग्रॅमला थोडं कमी. तराजूवरसुद्धा चोच उघडून मागत होतं. मग तिनं खोक्यातून दोन चिठ्ठ्या काढल्या. पहिली हिरवी. दुसरी पांढरी. कट्ट्यावर दुसरं कुणी नव्हतं. जयाबाई दूध घालायला गेल्या होत्या. चिठ्ठी पुन्हा खोक्यात टाकून हलवता आली असती, वहीला काही कळलं नसतं. तिनं ती घडी बोटांत धरून ठेवली. पुन्हा टाकली तर दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघणार होतं. निळ्याचं निघालं असतं, जे तेरालाही टेकत नव्हतं. नऊ मिनिटांतली चार संपली होती. तिनं सुई भरली. पांढऱ्याला डाव्या तळहातात उताणं धरलं, त्याचं काळीज तिच्या अंगठ्याखाली इतक्या वेगानं चाललं होतं की ठोके सुटे मोजता येत नव्हते, आणि तिनं सुई दिली. हिरव्याला दिली. बाकी दोघांना पाणी दिलं. वेळ लिहिली, सही केली, पेटी बंद केली.

पुढं वजनं तिच्या अंदाजाप्रमाणंच आली. सातव्या दिवशी पांढरं जागच्या जागी, आठव्या दिवशी अर्धा ग्रॅम खाली. नवव्या दिवसापासून ते सावरलं. बाराव्या दिवशी निळं आणि लाल बावीसच्या वर होती, हिरवं वीसला, पांढरं अठराला. तिथं मोजणी संपली. आराखड्याप्रमाणं बाराव्या दिवसानंतर पेटी उघडायची नसते, पिल्लं घाबरून वेळेआधी उडी मारतात. पूर्णिमा मॅडमना तिनं आकडे पाठवले. त्यांनी अभिनंदन कळवलं आणि प्रकरणांच्या तारखा दिल्या. कंग्राळीला जायचं आता काही कारण नव्हतं, तरी ती रोज सकाळी जात राहिली. जयाबाई चहाचा एक कप जास्त टाकायच्या. पंधराव्या दिवशी लाल आणि निळं उडून गेली. सोळाव्या दिवशी दुपारी हिरवं गेलं, असं जयाबाईंनी सांगितलं. अठराव्या दिवशी पांढरं अजून होतं. भोकातून डोकं बाहेर काढून बसलं होतं. चिमणी समोरच्या तारेवर येऊन ओरडायची, चोचीत काही असायचं, ती जवळ यायची नाही. ओरडायची, वाट बघायची आणि ते स्वतःच खाऊन उडून जायची. दर खेपेला मधला वेळ वाढत होता. पिल्लू दर वेळी छातीपर्यंत बाहेर यायचं आणि आत जायचं.

"हात घालून काढ की भाईर," जयाबाई म्हणाल्या. "न्हायतर आतच ऱ्हाईल ते."

"पंख पुरं आले नसले तर मांजराच्या तोंडात जाईल, मावशी."

"आन आत ऱ्हायलं तर?"

सुविधा भोकाकडं बघत राहिली. जयाबाई मान हलवून चहा बघायला आत गेल्या. ऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढलं होतं, पत्रा तडतडायला लागला होता, आणि पेटीत आत किती तापलं असेल याचा तिला अंदाज होता. साडेदहाला तिचा तास होता. दहा वाजून गेले. चिमणी पुन्हा तारेवर आली. पिल्लू छातीपर्यंत बाहेर आलं, एक पाय भोकाच्या काठावर दिसला, नखावरचा पांढरा रंग अजून अर्धा टिकून होता. तेवढ्यात फोन वाजला, कॉलेजच्या ऑफिसचा. तिनं पर्समध्ये हात घातला, न बघता बटण दाबायला गेली, ते दाबलं गेलं नाही, म्हणून क्षणभर खाली बघून तिनं तो बंद केला. वर बघितलं तर तारेवर चिमणी नव्हती. भोक काळं, रिकामं होतं. खाली अंगणात, गवताच्या गंजीवर, पलीकडच्या पेरूच्या झाडात कुठं काही हललं नाही, कुठून आवाजही आला नाही.

शिडी गोठ्याला टेकवलेली होती. सहा पायऱ्या, वरची खिट्टी, आणि आत नजर टाकली की झालं असतं. इतक्या सगळ्या सकाळी ती तेवढ्यासाठीच त्या पायऱ्या चढली होती.

"गेलं काय गं?" जयाबाईंनी आतून विचारलं.

"म्हाईत न्हाय," सुविधा म्हणाली, आणि कट्ट्यावर बसून राहिली.